अमेरिकेतलं बाळंतपणानंतरचं मेडिकेड: साठ दिवस की बारा महिने?

प्रश्न थोडक्यात असा. पती न्यू जर्सीत एडिसनजवळ पोस्टडॉक, एच-१बीवर, पगार वर्षाला ५२,००० डॉलर. पत्नी एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर. गरोदरपणात तिला एनजे फॅमिलीकेअर, म्हणजे न्यू जर्सीचं मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा), मिळालं. ९ ऑक्टोबर २०२५ ला बाळंतपण झालं. आता पत्र आलं आहे की तिचं कव्हरेज ३१ डिसेंबरला संपतंय. त्यातच पतीला डॅलसला १,१०,००० डॉलरची नोकरी लागली आहे आणि फेब्रुवारीत तिकडे हलायचं आहे. कव्हरेज नक्की किती दिवसांचं, पगार वाढल्यावर ते जाईल का, टेक्सासला ते मिळेल का, आणि ग्रीन कार्डाला यातून काही अडचण येईल का?

३१ डिसेंबर ही तारीख चुकीची आहे, आणि चूक कुठे झाली तेही त्या तारखेवरून कळतं. ९ ऑक्टोबरपासून साठ दिवस मोजले की ८ डिसेंबर येतो. मेडिकेड महिन्याच्या मधोमध बंद होत नाही, ते महिनाअखेरीस बंद होतं, म्हणून ३१ डिसेंबर. थोडक्यात, तुमच्या केसला कुणीतरी, किंवा बहुधा संगणकानेच, जुना साठ दिवसांचा नियम लावला आहे. आजच्या नियमाने गरोदरपण संपल्यापासून बारा महिने मोजायचे आणि तो महिना पुरा करायचा. म्हणजे तुमची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६. दहा महिन्यांचा फरक आहे. पत्र बाजूला ठेवून देऊ नका.

साठ दिवसांचा नियम १९८० च्या दशकातला. गर्भवतीसाठी उत्पन्नाची मर्यादा वाढवली, पण बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी ती बाई पुन्हा सामान्य अर्जदार धरली जायची, आणि सामान्य प्रौढांची मर्यादा बहुतेक राज्यांत फार खाली असायची. अमेरिकेत दहापैकी चारेक बाळंतपणांचा खर्च मेडिकेड भरतं, तेव्हा हा प्रश्न मूठभर बायकांचा नव्हता. मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने राज्यांना हे कव्हरेज बारा महिने करण्याची मुभा दिली, १ एप्रिल २०२२ पासून आणि फक्त पाच वर्षांसाठी. डिसेंबर २०२२ च्या खर्चाच्या कायद्याने ती पाच वर्षांची अट गेली. मात्र ही मुभा आहे, सक्ती नाही. राज्याने ती घ्यावी लागते. २०२५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन डीसी धरून ४९ ठिकाणी ती घेतलेली होती. आर्कन्सा आणि विस्कॉन्सिन बाहेर होती. इलिनॉय आणि न्यू जर्सी यांनी २०२१ मध्येच वेगळी परवानगी काढून सुरुवात केली. टेक्सास १ मार्च २०२४ ला आलं. आयोवाने वर्ष दिलं, पण गर्भवतींची उत्पन्नमर्यादा गरिबीरेषेच्या ३७५ टक्क्यांवरून २१५ वर आणली. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं, हे माझं मत.

आता तुमचा वर्ग, कारण सगळं त्यावर ठरतं. गर्भवती घरात मोजताना पोटातलं बाळही धरतात, म्हणून तुमचं कुटुंब अर्जाच्या वेळीच तिघांचं होतं. २०२५ ची संघीय गरिबीरेषा तिघांसाठी २६,६५० डॉलर. ५२,००० म्हणजे तिच्या सुमारे १९५ टक्के, आणि न्यू जर्सीत गर्भवतीची मर्यादा २०५ टक्के. बसता. बाळंतपणासाठी भारतातून आलेली आई किंवा सासूबाई घरात राहत असल्या तरी त्या या हिशेबात येत नाहीत. कुटुंब कराच्या विवरणपत्रावरून ठरतं, घरात किती जण जेवतात त्यावरून नव्हे. सासरहून आलेले पैसे भेट म्हणून आले असतील तर तेही उत्पन्नात धरत नाहीत. अर्जात लोक दोन्ही भरून मोकळे होतात आणि मग कार्यालय त्याचे कागद मागत बसतं.

एच-४ चं काय? १९९६ च्या कायद्याने बहुतेक स्थलांतरितांना मेडिकेडपासून दूर ठेवलं, ग्रीन कार्डवाल्यांनाही पहिली पाच वर्षं. २००९ मध्ये राज्यांना एक पर्याय मिळाला: कायदेशीर राहणाऱ्या गर्भवती आणि मुलांना ही थांबण्याची अट न लावता घ्यायचं. व्हिसा वैध असेल आणि त्याच्या अटी मोडलेल्या नसतील तर एच-४, एफ-१ (विद्यार्थी) आणि एफ-२ (विद्यार्थ्याचं कुटुंब) या व्याख्येत बसतात. न्यू जर्सीने हा पर्याय घेतला आहे, म्हणून पत्नीला पूर्ण मेडिकेड मिळालं. आणि गर्भवती म्हणून जी आत आली, तिला बाळंतपणानंतरचे बारा महिनेही मिळतात. जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्याने १ ऑक्टोबर २०२६ पासून स्थलांतरितांचं मेडिकेड बरंच आकुंचन पावणार आहे, पण गर्भवती आणि मुलांचा हा २००९ चा पर्याय त्याने शिल्लक ठेवला आहे.

या बारा महिन्यांत उत्पन्न वाढलं म्हणून कव्हरेज काढता येत नाही. कायद्याने ते सलग आहे. बंद करायला मोजकीच कारणं चालतात: ती राज्य सोडून गेली, तिने स्वतः बंद करायला सांगितलं, तिचा मृत्यू झाला, किंवा मुळात पात्रताच चुकीने किंवा खोट्या माहितीवर दिली गेली होती. नव्या नोकरीचा पगार नियमाप्रमाणे कळवा, लपवू नका. त्याने वर्ष तुटत नाही. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्माला आलं तरी गरोदरपण संपल्याच्या तारखेपासून हेच बारा महिने मिळतात. हे फार थोड्या बायकांना कोणी सांगतं.

मग साठ दिवस लागले कसे? बहुतेक वेळा गाडी तीनपैकी एका ठिकाणी अडते. पहिलं, बाळंतपणाची खरी तारीख केसमध्ये चढलेलीच नसते. रुग्णालय बाळाची नोंद करतं, बाळाला वेगळा नंबर मिळतो, आणि घरचे समजतात की आईचंही झालं. आईच्या केसमध्ये मात्र अपेक्षित तारीख तशीच असते, त्यावरून संगणक काहीतरी शेवट काढतो. दुसरं, बाळ जोडताना कर्मचारी आईला गर्भवतीच्या वर्गातून उचलून ‘पालक’ किंवा सामान्य प्रौढांच्या वर्गात टाकतो. तिथे नवं उत्पन्न तपासलं जातं, एच-४ तिथे चालत नाही, आणि नकार निघतो. तुमच्या बाबतीत मला याचीच जास्त शंका आहे. तिसरं, पत्र मेडिकेडचं नसून ज्या खासगी प्लॅनमार्फत ते चालतं त्या कंपनीचं असतं, आणि तिच्याकडे जुनी फाइल असते. पत्राच्या वर कोणाचं नाव आहे ते आधी पाहा.

फोन काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस कार्यालयाला किंवा एनजे फॅमिलीकेअरला करा, प्लॅनला नाही. केस नंबर, बाळंतपणाची तारीख, बाळाचा मेडिकेड नंबर आणि रुग्णालयाचं डिस्चार्ज पत्र समोर ठेवा. ‘माझं मेडिकेड का बंद झालं’ असं विचारलंत तर समोरचा पडद्यावर दिसतं तेच वाचून दाखवेल. त्याऐवजी हे सरळ इंग्रजीत सांगा: ‘शी वॉज ऑन मेडिकेड व्हाइल प्रेग्नंट. शी डिलिव्हर्ड ऑन ऑक्टोबर नाइन्थ. प्लीज करेक्ट हर केस टू ट्वेल्व्ह मंथ्स पोस्टपार्टम कव्हरेज, थ्रू ऑक्टोबर थर्टीफर्स्ट, ट्वेंटी ट्वेंटी-सिक्स.’ मग विचारा की तिचा वर्ग पडद्यावर काय दिसतो. ‘पेरेंट’ किंवा ‘अ‍ॅडल्ट’ असं उत्तर आलं तर चूक तिथेच सापडली. बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि कॉलचा संदर्भ क्रमांक लिहून घ्या. त्याच दिवशी हीच विनंती लेखी पाठवा, पोर्टलवर चढवा किंवा फॅक्स करा आणि पोच ठेवा. तोंडी दुरुस्त केलं असं सांगून फाइल पुन्हा तशीच राहण्याचे प्रकार इथे काही कमी नाहीत.

आणि फोनवर विसंबून अपील सोडू नका. लाभ बंद करण्याआधी किमान दहा दिवस नोटीस द्यावी लागते आणि तिच्यावर सुनावणी मागण्याचा हक्क असतो. केंद्राचा नियम मुदत जास्तीत जास्त ९० दिवस ठेवू देतो. राज्याची मुदत त्याहून बरीच कमी असू शकते, ती नोटिशीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेली असते. त्याहून महत्त्वाची तारीख वेगळीच: ३१ डिसेंबरच्या आत सुनावणी मागितली आणि ‘निकाल लागेपर्यंत कव्हरेज चालू ठेवा’ असं लिहिलं, तर ते चालू ठेवावं लागतं. ती तारीख गेली की निकाल तुमच्या बाजूने लागला तरी मधल्या काळात औषधाच्या दुकानात कार्ड चालणार नाही. अर्जात एवढं पुरे: नाव, केस नंबर, नोटिशीची तारीख, बाळंतपणाची तारीख, ‘बारा महिन्यांचं कव्हरेज चुकून साठ दिवसांवर बंद केलं जात आहे’, सही. वकील लागत नाही. केस दुरुस्त झाली की सुनावणी मागे घेता येते, पण दुरुस्तीचं पत्र हातात पडल्यावरच.

कव्हरेज मध्ये तुटलं आणि बिलं आली तर लगेच भरू नका. केस मागच्या तारखेपासून पूर्ववत झाली की डॉक्टरांच्या बिलिंग विभागाला नवी तारीख कळवून दावा पुन्हा पाठवायला सांगा. मेडिकेडकडे दावा पाठवायची कमाल मुदत सेवेपासून बारा महिने असते, आणि खासगी प्लॅन ती आणखी कमी ठेवतात. चार-सहा महिने कपाटात राहिलेलं बिल मग खरोखर तुमच्या गळ्यात पडतं.

आता टेक्सास, आणि इथे बातमी चांगली नाही. मेडिकेड प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. न्यू जर्सीचे उरलेले महिने डॅलसला सोबत जात नाहीत. राज्य सोडलं की ते संपतात. टेक्सासने बारा महिने दिले आहेत खरे, पण गर्भवती स्थलांतरितांचा २००९ चा पर्याय घेतलेला नाही, त्यामुळे एच-४ वरच्या बाईला तिथे गर्भवतीचं पूर्ण मेडिकेड मुळातच मिळत नाही. तिथे तिला मिळतं ते चिप पेरिनेटल. चिप म्हणजे मुलांसाठीचा सरकारी विमा. तो कागदोपत्री पोटातल्या बाळाचा विमा आहे. आईच्या वाट्याला गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपण आणि नंतरच्या दोन भेटी येतात, वर्ष नाही. तुमच्या ओळखीत कोणी टेक्सासमध्ये चिप पेरिनेटलवर बाळंत होणार असेल तर तिला एक कागद जपायला सांगा: एच ३०३८-पी. कमी उत्पन्नाच्या गटात बाळंतपणाचा रुग्णालयाचा खर्च आपत्कालीन मेडिकेडमधून निघतो, आणि त्यासाठी हा फॉर्म डॉक्टरांनी भरून परत जावा लागतो. तो राहिला की रुग्णालयाचं बिल सरळ घरी येतं. त्याच राज्यातल्या नागरिक बाईच्या पत्रावर टीपी ४० असा, म्हणजे गर्भवतीच्या मेडिकेडचा, वर्ग दिसतो. तिला मात्र वर्ष मिळतं. त्या वर्षानंतर तिच्यासाठीही फारसं काही उरत नाही, कारण टेक्सासने मेडिकेडचा विस्तार करून कमी उत्पन्नाच्या सगळ्या प्रौढांना त्यात घेतलेलं नाही आणि तिथली पालकांची उत्पन्नमर्यादा गरिबीरेषेच्या पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास आहे. हेल्दी टेक्सास विमेन नावाची योजना पुढे कुटुंबनियोजन आणि काही तपासण्या देते. पूर्ण विमा ती नाही.

तुमच्यापुरता उपाय पतीच्या नव्या कंपनीच्या विम्यात आहे, आणि तो आत्ताच लावून घ्यायचा. एचआरला लेखी विचारा की विमा रुजू झाल्या दिवशी सुरू होतो, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, की काही दिवस थांबावं लागतं. कायद्याने हा थांबा ९० दिवसांपर्यंत असू शकतो. नवा कर्मचारी म्हणून पत्नी आणि बाळाची नावं घालायची मुदत साधारण महिनाभराची असते. ती चुकली तरी मेडिकेड गेल्यावर कंपनीच्या प्लॅनमध्ये शिरायला ६० दिवसांची खास खिडकी असते. इतर कारणांना ती ३० दिवसांचीच मिळते. एचआरमध्ये हे सर्वांना ठाऊक नसतं, तेव्हा ‘लॉस ऑफ मेडिकेड, सिक्स्टी डेज’ असे शब्द वापरा. बाळ जन्माने नागरिक आहे आणि न्यू जर्सीत पहिल्या वाढदिवसापर्यंत त्याचं मेडिकेड पक्कं होतं. पण १,१०,००० च्या पगाराला टेक्सासमध्ये त्यालाही मेडिकेड किंवा चिप नाही. लसींचं वेळापत्रक पाहा, दोन आणि चार महिन्यांच्या लसी हलण्याच्या धांदलीत हमखास मागे पडतात.

पतीने पुढे जायचं आणि नवा विमा लागू होईपर्यंत पत्नी व बाळाने एडिसनला राहायचं, हा मार्ग सरळ आणि कायदेशीर आहे. अट एवढीच की ती खरोखर तिथे राहत असली पाहिजे. डॅलसला राहून एडिसनचा पत्ता चालू ठेवणं ही खोटी माहिती ठरते, आणि वर सांगितलेल्या बंद करण्याच्या कारणांत ती बसते. पुढे व्हिसाच्या अर्जात ती निघाली तर जास्त महागात पडेल.

ग्रीन कार्डाचं भय आपल्या लोकांत फार आहे, आणि त्यापायी कित्येक जणी पात्र असून अर्जच करत नाहीत. अर्जदार पुढे सरकारी मदतीवर विसंबून राहील का, हे ‘पब्लिक चार्ज’ नियमाने पाहतात. डिसेंबर २०२२ पासून लागू असलेल्या या नियमात मेडिकेड धरत नाहीत. अपवाद सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत ठेवलेल्यांचा. बाळाने घेतलेला लाभ आईवडिलांच्या खात्यात मोजत नाहीत. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये हा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने काढला आहे. प्रस्ताव म्हणजे नियम नव्हे, पण तुमचा अर्ज पुढच्या वर्ष-दोन वर्षांत जाणार असेल तर तासाभराची फी देऊन इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि मेडिकेडची सगळी पत्रं एका फाइलीत ठेवा. घाबरून आज कव्हरेज बंद करायला सांगू नका. घेतलेलं त्याने पुसलं जात नाही, आणि स्वतः बंद केलं की बारा महिन्यांचं संरक्षणही गेलं.

फेब्रुवारीपर्यंत हे कव्हरेज हातात आहे, तर ते वापरा. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण मोकळी झाली असं धरतात, आणि इथेही सहा आठवड्यांची एक भेट झाली की डॉक्टर पाठ थोपटून पाठवून देतात. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने ३६ राज्यांतल्या २०१७ ते २०१९ च्या मृत्यूंचा आढावा घेतला, त्यात गरोदरपणाशी निगडित ५३ टक्के मृत्यू बाळंतपणानंतर सात दिवस ते एक वर्ष या काळातले होते, आणि दहापैकी आठांहून अधिक टाळता येण्यासारखे. मूळ कारणांत मानसिक आजार पहिले. साठ दिवसांचा नियम मोडायला राज्यं तयार झाली त्यात अशा आकड्यांचा मोठा हात होता.

गरोदरपणात साखर वाढली होती का? असेल तर बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी लागते: उपाशीपोटी एकदा, प्यायल्यावर दोन तासांनी एकदा. तुमचे बारा आठवडे १ जानेवारीला भरतात. ही तपासणी भारतीय वंशाच्या बायकांनी टाळूच नये, आपल्यात पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त आहे. आणि नुसत्या एचबीए१सीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या रक्ततपासणीवर, भागवू नका, बाळंतपणातल्या रक्तस्रावानंतर तो काही आठवडे खरा आकडा दाखवत नाही. रक्तदाब चढला होता तर घरी दंडाचं यंत्र ठेवा. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० वर पोचला, किंवा डोकं फुटल्यासारखं दुखलं, नजरेसमोर चमकलं, आडवं पडल्यावर दम लागला, तर डॉक्टरांच्या भेटीची वाट न पाहता इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा की बाळंतपण अमुक आठवड्यांपूर्वी झालंय. हृदयाच्या स्नायूचा एक आजार बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत उमटू शकतो, आणि त्याची सुरुवात नेमकी थकवा, सूज आणि धाप यांनी होते, जी प्रत्येक ओल्या बाळंतिणीला असते असं म्हणून सोडून दिली जाते.

मनाच्या तब्येतीसाठी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी दहा प्रश्नांची एडिनबरा चाचणी मागून घ्या. रडू येणं पंधरा दिवसांत ओसरलं नाही, झोप मिळत असूनही लागत नाही, बाळाविषयी भलतेसलते विचार येतात, तर औषध आणि समुपदेशन दोन्ही मेडिकेडमध्ये आहे. राष्ट्रीय मातृ मानसिक आरोग्य हेल्पलाइन १-८३३-८५२-६२६२ चोवीस तास चालते, दुभाषाही देतात. दात, डोळे, थायरॉइड आणि गर्भनिरोधकाचा निर्णय हेही याच महिन्यांत उरकून घ्या. तांबी किंवा इम्प्लांट बसवायचं असेल तर हलण्याच्या आदल्या आठवड्यावर टाकू नका, मंजुरी आणि मागवण्यात वेळ जातो. निघताना प्रसूतीचा अहवाल, रक्ताच्या तपासण्या आणि बाळाच्या लसींची नोंद कागदावर घ्या, आणि चालू औषधांचा जेवढा साठा प्लॅन एका वेळी देतो तेवढा भरून घ्या. पोर्टलचा पासवर्डही नव्या ईमेलवर वळवून ठेवा, कारण कव्हरेज संपल्याचं शेवटचं पत्र नव्या विम्याच्या नोंदणीला पुरावा म्हणून लागतं आणि ते जुन्याच पत्त्यावर जातं.